मांडीखालचा डावा हात

परवा क्लासला नवीन मुलगी आली. सहा पूर्ण, सातवं लागलेलं. दोन वेण्या, पुढचे दोन दात गायब. स्टुलावर चढली आणि बसता बसता डावा हात मांडीखाली सारून त्यावर बसली. मला वाटलं थंडी वाजत असेल. "हात बाहेर काढ गं बाळा," म्हटलं, तर तिने दाराशी उभ्या असलेल्या आजीकडे बघितलं.

आजी म्हणाल्या, "डावरी आहे हो ती. आम्ही उजव्याची सवय लावतोय. तुम्हीही लावा."

मी काय सवय लावणार, कपाळ! पियानोला ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या नि ३६ काळ्या. त्यातल्या जवळजवळ निम्म्या डाव्या हाताच्या वाट्याच्या. तो हात मांडीखाली ठेवायचा तर अर्धा पियानो परत पाठवावा लागेल. आजींना हे असं सांगितलं नाही अर्थात. "बघू हं," म्हटलं. बावीस वर्षं शिकवल्यावर 'बघू हं' नेमकं कधी म्हणायचं ते कळतं.

आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमधली एक बेडरूम म्हणजे माझा क्लास. वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो, वरखाली होणारं स्टूल, भिंतीवर घड्याळ (टिकटिक न करणारं, ते मुद्दाम शोधून आणलं) आणि सासूबाईंचे दोन पाट. हे पाट पूर्वी पंगतीला मांडले जायचे. आता ते मुलांच्या पायाखाली असतात. पाच वर्षांच्या मुलाचे पाय स्टुलावरून लोंबकळतात. पाय लोंबकळले की ते पुढे घसरायला लागतं, घसरू नये म्हणून खांदे वर ओढून धरतं आणि मग बोटं लाकडासारखी होतात. पायाखाली पाट आला की खांदे आपोआप खाली. पाच वर्षांच्याला दोन पाट, सातच्या पुढे एक. दर जूनमध्ये कोणीतरी उड्या मारत येतं, "टीचर, माझा एक पाट गेला!" परीक्षेत डिस्टिंक्शन मिळाल्यावरही चेहरा इतका फुलत नाही.

फोनवर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, आमच्याकडे कॅसिओ आहे, चालेल ना?" कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, आपल्याकडे तो कॅसिओच. सुरुवातीला चालतो. ६१ पट्ट्यांचा, पूर्ण रुंदीच्या पट्ट्यांचा आणि बोट हळू-जोरात पडलं तर आवाजात फरक पडणारा असला म्हणजे झालं. खेळण्यातला, बारक्या पट्ट्यांचा मात्र नको. खऱ्या पियानोची पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद, म्हणजे पाच बोटांखालच्या पाच पट्ट्या पावणेबारा सेंटिमीटरच्या आसपास. घरी त्याहून चिंचोळं वाजवलं की क्लासमध्ये मुलाचा प्रत्येक सूर शेजारच्या घरी जाऊन पडतो.

पहिल्या तासाला पुस्तक उघडतच नाही. नखं बघते. फ्रिजमधलं लिंबू हातात देते. ते धरल्यावर तळवा जसा पोकळ होतो तसाच पट्ट्यांवर ठेवायचा. लिंबू गार असतं म्हणून मुलं खिदळतात. (तास संपला की ते पोह्यांवर पिळलं जातं. पोरांना हे माहीत आहे, एकाने तर चव विचारली होती.) बोटाचं टोकाचं पेर या वयात आत मोडतंच, सांधे मऊ असतात. त्यावरून मी रोज टोकत नाही. वर्ष-दीड वर्षात ते बऱ्यापैकी सावरतं, टोकत बसलं तर मुलाचं लक्ष मात्र कायमचं बोटावर जाऊन बसतं.

मग काळ्या पट्ट्या. त्या दोन आणि तीनच्या गटात असतात. आमच्या क्लासमध्ये दोनवाले जुळे, तीनवाले तिळे. जुळ्यांच्या डाव्या अंगाला लागून जी पांढरी, ती सी, पाश्चात्य सुरांतला एक. "सगळे सी शोध," म्हटलं की मूल स्टुलावरून उतरून पियानोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातं आणि सात शोधून येतं. असतात आठ. आठवा अगदी उजवीकडे, शेवटची पट्टी. त्याच्या शेजारी जुळे नाहीतच, पियानोच संपतो. तो ज्याला न सांगता सापडतो त्याच्याकडे माझं जरा जास्त लक्ष जातं. ते पोर नियम पाठ न करता कानाने शोधत असतं.

आता मूळ मुद्दा, डावा हात.

मी सगळ्यांना पहिले पंधरा दिवस फक्त डाव्या हाताने वाजवायला लावते. पुण्यात हे करणारी मी एकटीच असेन असं नाही, पण पालकांच्या चेहऱ्यावरून तसं वाटतं खरं. एका आईने तिसऱ्या आठवड्यात मुलाला काढून घेतलं. "अजून डाव्याचंच चाललंय, गाणं कधी येणार?" असं म्हणाली. तिचंही चुकलं नाही. गाणं उजव्या हातात असतं, फी गाण्याची भरलेली असते.

पण जरा आपल्या घरांकडे बघा. मूल वर्षाचं व्हायच्या आत आपण त्याला सांगायला लागतो, डाव्या हाताने देऊ नये, डाव्याने घेऊ नये, प्रसादाला उजवा पुढे कर, पाहुण्यांना उजव्या हाताने टाटा कर. जेवताना डाव्याचा उपयोग एकच, वाढपातला डाव धरायला. पाच वर्षांत तो हात इतका गप्प होतो की पियानोवर ठेवला तर तो नेमका कोणाचा आहे हेच मुलाला कळत नाही. उजव्याने आधी सुरुवात केली की उजवा पुढे पळतो आणि डावा तीन महिन्यांनी धापा टाकत येतो. मग दोन्ही हात एकत्र करायची वेळ आली की घरात रडारड.

ही रडारड मी स्वतः केलेली आहे. माझं लहानपण गिरगावातलं. खोताच्या वाडीत एका मिसकडे जायचे. मिस मूळच्या गोव्याच्या. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना अक्षरांबरोबर स्टाफच्या पाच रेघांवर लिहिलेले सूरही वाचायला शिकवायचे. म्हणून तर मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदात गोव्याची इतकी मंडळी होती. मिसचे भाऊ त्यातलेच, व्हायोलिनवाले. मिसची पद्धत म्हणजे हाताच्या पालथ्या बाजूवर चार आण्याचं नाणं. वाजवताना ते पडलं की पहिल्यापासून सुरू. सहा महिने फक्त उजवा. सातव्या महिन्यात डावा आला आणि मला कळेना की याचं करायचं काय. नाणं पडायचं, मिसची फूटपट्टी पियानोच्या लाकडावर आपटायची (माझ्या हातावर कधीच नाही, हे सांगायला हवं) आणि मी चर्नी रोड स्टेशनपर्यंत रडत जायचे. मिसनी मला सूर वाचायला असं काही शिकवलं की आजही नवा कागद समोर आला तर भीती वाटत नाही. पण डावा हात मला मिसनी नाही दिला. तो मी पंचविशीत, स्वतःशी भांडून मिळवला.

म्हणून माझ्याकडे आधी डावा. त्याला पंधरा दिवस राजासारखं एकट्याने वाजवू द्यायचं. आणि मग दोघांची ओळख, तीही आरशातून. पियानोत बोटांना नंबर असतात, अंगठा १ आणि करंगळी ५. दर बॅचला एक तरी पोर विचारतंच, "टीचर, डाव्याचे नंबर उलटे का?" मी म्हणते, नमस्कार कर. तळव्याला तळवा लागला की एक एकला भेटतो, पाच पाचला. मग दोन्ही अंगठे मधल्या सीवर ठेवायचे आणि १-२-३ करत दोघांनी एकमेकांपासून लांब जायचं, ३-२-१ करत परत यायचं. दोन्ही हातांना एकाच वेळी एकच नंबर, त्यामुळे मेंदूला मारामारी नाही. खरी कसोटी पुढे, दोघांना एकाच दिशेने जायचं असतं तेव्हा. उजवा १-२-३ जातो तेव्हा डावा ५-४-३. इथे मी कुणालाच घाई करत नाही. मला वीस दिवस लागले होते.

ताल शिकवायला मात्र मी गोव्याकडेही बघत नाही आणि लंडनकडेही. स्वयंपाकघर पुरतं. एक ठोका म्हणजे 'भात'. एका ठोक्यात दोन सूर म्हणजे 'पोळी'. चार म्हणजे 'साबुदाणा'. दोन ठोके धरून ठेवायचा सूर म्हणजे 'भाऽऽत', वरून तूप ओतल्यासारखा. तीन सुरांसाठी मी बरेच दिवस 'आमटी' वापरत होते. लिहिताना तीन अक्षरं आहेत ना! पण पोरं काही केल्या तीन वाजवेनात. मग एक दिवस लक्षात आलं, आमटी आपण 'आम-टी' म्हणतो, तोंडात दोनच ठोके येतात. पोरांचा कान बरोबर होता, मीच कागद बघून शिकवत होते. आता तिथे 'जिलेबी' आहे, आणि ती सगळ्यांना पहिल्या फटक्यात येते.

डाव्या हाताला जरा इज्जत मिळावी म्हणून एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. व्हिएन्नाचा पॉल विटगेनस्टाइन नावाचा पियानोवादक होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. तो घरी आला आणि एकट्या डाव्या हाताने वाजवायला लागला, मोठमोठ्या संगीतकारांकडून डाव्या हातासाठी संगीत लिहून घेतलं. फ्रान्सच्या रावेलने त्याच्यासाठी संपूर्ण वाद्यवृंदासोबतचा कॉन्चेर्तो लिहिला. तो त्याने १९३२ मध्ये व्हिएन्नात वाजवला. ही गोष्ट सांगताना माझा आवाज थोडा जड होतो. गेल्या वर्षी नेमक्या त्याच वेळी एका सात वर्षांच्या मुलाने हात वर केला. "टीचर, मग तो जेवायचा कोणत्या हाताने?"

आठ जणांच्या ग्रुप क्लासमध्ये शांतता पसरली. प्रत्येकाला हाच प्रश्न पडला होता, हे उघड होतं.

"डाव्याच," मी म्हटलं. एक मुलगी हळूच म्हणाली, "आणि आई ओरडली नाही?"

परीक्षांबद्दल विचाराल तर फार काही सांगण्यासारखं नाही. लंडनच्या ट्रिनिटीची असो की एबीआरएसएमची, या दोन्ही परीक्षा घेणाऱ्या संस्था, पहिल्या ग्रेडच्या आधी एक इनिशियल ग्रेड असते. ज्याला द्यायची त्याने द्यावी. सहा वर्षांच्या मुलाला सहा महिने तेच तीन तुकडे वाजवायला लावून सर्टिफिकेट फ्रेम करणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडून दिलंय.

ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले तो मुलगा वेगळाच. सात वर्षांचा, सदाशिव पेठेतला, घरात तीन पिढ्या पेटी. आजोबा भजनी मंडळात साथ करतात. पहिल्याच दिवशी मी सी वाजवून दाखवला तर म्हणाला, "तुमचा सा जरा खाली आहे." त्याच्या घरी सा काळी एकमध्ये, म्हणजे सीच्या लगेच उजवीकडच्या काळ्या पट्टीवर. मी दाखवला होता पांढरी एकचा, म्हणजे सीच. मी त्याला म्हटलं, सीचा पत्ता पक्का असतो, सा असतो बदलीच्या नोकरीवर, आज इथे, उद्या तिथे. हे त्याला लगेच पटलं. पेटीवाल्या घरातल्या पोरांना हे समजवावं लागत नाही.

पण त्याचा डावा हात! उजव्याने पाच सूर वाजवायला घेतले रे घेतले की डावा हात उचलायचा, पट्ट्यांच्या वरून पलीकडे, पुस्तकाच्या स्टँडपर्यंत जायचा आणि तिथे हवेत उघडझाप करायला लागायचा. दोनदा पुस्तक खाली पडलं. तो भाता मारत होता. स्वतःला पत्ताही नव्हता. फक्त डाव्याने वाजव म्हटलं तर आणखीच गोंधळ, कारण त्याच्या लेखी डावा हात वाजवत नसतोच.

मी त्यावर जो उपाय केला तो सांगायला लाज वाटते. त्याच्या डाव्या मुठीत खोडरबर दिलं आणि मूठ मांडीवर ठेवायला सांगितली. "रबर पडता कामा नये." लिहिताना आत्ता दिसतंय, हे मिसचं चार आण्याचं नाणंच की! हात गप्प बसला. पण दोन आठवड्यांत त्याचे खांदे कानाला लागले आणि उजव्यातलाही जीव गेला. सगळे सूर एका मापाचे, टाइप केल्यासारखे. ताल तर गेलाच. मांडीखाली हात घेऊन बसलेल्या मुलांबद्दल मी एवढं बोलते, आणि मी त्याचा हात मांडीवर बांधून ठेवला होता.

तिसऱ्या आठवड्यात त्याला न्यायला आईऐवजी आजोबा आले. दारात उभे राहून पाच मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण त्याचा भाता का काढून घेतलात?"

पुढच्या वेळी ते रिक्षात पेटी घालून घेऊन आले. खाली सतरंजीवर बसले, उजव्या हाताचं एक बोट एका पट्टीवर ठेवलं आणि ते हललंच नाही. सगळं डाव्याने केलं. तो एकच सूर आधी ऐकूही येत नव्हता, मग खोलीभर झाला, मग पुन्हा मुंगीएवढा. मध्येच एका ठोक्यावर त्याला किंचित धक्का दिला, जसा गाणारा समेवर देतो. "उजवा काय, कोणीही वाजवेल," आजोबा म्हणाले. "पेटीवाला ओळखायचा तो डाव्यावरून."

बावीस वर्षं मी पालकांना सांगत आले होते की पेटीत डावा हात नुसता हमाल, म्हणून पेटीवाल्या घरातल्या मुलांना पियानो जड जातो. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आणि पायपेटी?" आजोबा हसले. "तिथे भाता पायात, दोन्ही हात मोकळे. नाटकाच्या साथीला ऑर्गनवर बसायचे ना, तुमच्या या पियानोवाल्यांचे ते चुलतभाऊ." मग थोर पेटीवादक गोविंदराव टेंब्यांचं नाव घेऊन त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला आणि विषय संपवला.

नातू तेवढ्यात पियानोपाशी गेला होता. आजोबांचं बघून त्याने एक सी दाबला आणि दाबलेली पट्टी तशीच खाली रेटायला लागला. पुन्हा पुन्हा, अंगठा पांढरा होईपर्यंत. "टीचर, हा मोठा होत नाही."

नाहीच होत. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने हे वाद्य केलं तेव्हा बोटाच्या जोरावर आवाज लहान-मोठा व्हावा हीच तर त्याची करामत होती. 'हळू आणि जोरात' हे वाद्याच्या मूळ नावातच आहे. पण ते फक्त हातोडी तारेवर पडेपर्यंत. एकदा पडली की सूर आपला विरत जाणार, मग तुम्ही पट्टीवर उभे राहा. मोठा हवा असेल तर पुन्हा वाजवायचा. हे मी कुठल्याही विद्यार्थ्याला इतक्या लवकर सांगितलेलं नाही, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

पुन्हा वाजवायचा. मी त्याच्या हातातून खोडरबर काढून घेतलं. डाव्याची करंगळी सीवर, अंगठा पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, 'जी'वर. सा आणि प, तंबोऱ्यासारखे. "तुझा भाता इथे खाली आण," म्हटलं. "दर ठोक्याला दोन्ही एकदम. भात, भात, भात, भात."

"भाता, भाता," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसत सुटला.

चौथ्या-पाचव्या ठोक्याला हात सैल झाला. मनगट वरखाली व्हायला लागलं, अगदी भाता मारतात तसं. खांदे उतरले. त्याला न सांगता उजवा हात आत शिरला, पाच सुरांचं ते जुनंच गाणं घेऊन. डावा पहिल्या ठोक्याला जरा भरून द्यायचा, बाकीचे तीन हलके. हे मी शिकवलेलं नव्हतं. आजोबा सतरंजीवर बसून मांडीवर ताल धरत होते आणि खिडकीबाहेर बघत होते, आपला काही संबंध नसल्यासारखे.

गाणं संपलं. उजवा उठला, पण डाव्याने आणखी एक सा-प वाजवला, उरलेली हवा काढून टाकल्यासारखा. त्याने पियानोचं झाकण लावलं. आणि मग डावा हात झाकणाच्या कडेवरून चाचपडत पलीकडे गेला, भात्याची कडी शोधत.